आठवी विभक्ती

तेहतीस वर्षं भांडुपच्या महापालिका शाळेत
मी फळ्यावर आठ विभक्त्या लिहिल्या.
सातांवर प्रश्न यायचे.
आठवी, संबोधन, घंटा होता होता उरकायची:
एकवचनी प्रत्यय नाही, अनेकवचनी नो,
लिहून घ्या, मुलांनो, वह्या मिटा.

आता चारकोपला, आमच्या इमारतीच्या स्टिल्टखाली,
दोन मोटारींमधल्या मोकळ्या पट्ट्यात
तीच विभक्ती चालवून पाहते आहे
अकरा आठवड्यांच्या पिल्लावर.
पाय ऱ्हस्व, अंग दीर्घ.
जातीचं नाव जर्मन, माझ्या जिभेवर अजून बसत नाही.
भाचीनं हौसेनं आणलं
आणि बदली झाली म्हणून बंगळुरूला गेली.
नाव फुटाणा.

फुटाण्या!
तो टायर हुंगतो.
फुटाण्या, ये!
तो वर बघतो, शिपायानं परिपत्रक आणलं
की आम्ही शिक्षकखोलीत बघायचो तसा,
आणि पुन्हा टायर.

डॉक्टर मेहेरनोशबाईंनी कागदावर लिहून दिलंय:
एकदाच बोलवा. आवाज स्वयंपाकघरातला, वर्गातला नको.
आला की लगेच खाऊ.
नखं कापायची, औषध पाजायचं, अंघोळ घालायची,
तर हाक मारायची नाही. आपण उठून जायचं.
उशिरा आला तरी रागवायचं नाही.
शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्यात.
मला ओळखतात त्या.

खाऊ म्हणजे सुका बोंबील, नखाएवढे तुकडे, रुमालात.
लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत
शहावहिनी श्वास धरून उभ्या असतात.
त्याच्या पट्ट्याला कपडे वाळत घालायची दोरी, नऊ मीटर.
ओढायची नाही. नुसती असू द्यायची.

चौथ्या दिवशी वॉचमन घिमिरे खुर्चीतूनच म्हणाला,
"टीचर, उसके पीछे मत भागो. आप उल्टा भागो."
मग मी, एकसष्टाव्या वर्षी, निऱ्या वर खोचून,
पाठ फिरवून पळाले
पाण्याच्या पंपापर्यंत,
स्वतःलाच हसत, धापा टाकत,
आणि मागून फरशीवर नखं वाजली,
टिक टिक टिक टिक,
कुणीतरी घाईघाईनं पेपर लिहितंय तशी.
घोट्यावर ओलं नाक आपटलं.

असं वाटतं, जमलं. जमत नाही.
काल टँकर रिव्हर्स घेत होता, फाटक उघडं,
दोरी माझ्या हातातून सुटली
आणि फुटाणा टँकरच्या डबक्यात.
एकदा बोलावलं. मग खाली फरशीवर बसून राहिले.
अकरा मिनिटं. घिमिरेनं मोजली.
शेवटी आला, पोटापर्यंत चिखल, शेपूट खाली.
"आता आठवण झाली का यायची?"
दातांपर्यंत आलेलं वाक्य गिळलं
आणि सगळ्यात मोठा तुकडा दिला.

ते वाक्य मात्र ओळखीचं निघालं.
सातवी ब, खिडकीजवळचा टेमकर.
मी नाव घेतलं की तो बाहेर बघायचा,
कौलावर कावळे असल्यासारखा.
ढिम्म हलायचा नाही.
कसा हलेल? माझ्या प्रत्येक हाकेच्या टोकाला
पट्टी तरी असायची, नाहीतर पालकांना चिठ्ठी.
आपली भाषाही बघा, हाक आपण मारतो.
साद घालतात, पाखराला दाणे घालावेत तशी.
मी तेहतीस वर्षं नुसती मारली.
नाव संबोधनात जरा वाकतं, फुटाणाचं फुटाण्या होतं,
हे शिकवलं मी. वाकणं मला जमलं नाही.

आज पहाटे स्टिल्टखाली कुणी नव्हतं.
घिमिरे खुर्चीत पेंगत होता.
फुटाणा लांब, मोटारसायकलींपाशी.
का कोण जाणे, मी त्या स्वयंपाकघरातल्या आवाजात
हळूच म्हटलं,
"टेमकर, ये रे."

आणि फुटाणा आला.
कान उडत, सरळ, दोरीला एकही हिसका न बसता.
नाव चुकीचं होतं.
रुमाल सोडला, तुकडा दिला.
हात चाटून झाल्यावरही तो तिथेच बसला,
मी आणखी कुणाला बोलावते का बघत.